घरकुलाचा नकाशा कुणी काढला?

मैत्रिणींनो, भद्रावतीपासून भामरागडपर्यंत विचारा, घरकुलाचा नकाशा काढताना एका तरी आदिवासी बाईचं मत घेतलं होतं का? स्वयंपाकाच्या जागेसकट किमान २५ चौरस मीटर. अनुदानात त्याहून मोठं उभं राहतच नाही. मोहफुलं वाळवायची कुठे, देव बसवायचे कुठे? भिंती लिंपते बाई, पण कागदावर ‘कुटुंबप्रमुख’ पुरुष! प्रधानमंत्री आवास योजनेत बाईच्या किंवा दोघांच्या नावे घर देण्याची तरतूद आहे. तरी नवऱ्याने टाकलेली बाई भावाच्या पडवीतच. मेंढा (लेखा)च्या गोंडांनी २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला. जंगल राखणाऱ्या ग्रामसभेला घर आखता येणार नाही म्हणता? आमची मागणी आहे: ग्रामसभेतल्या बायांच्या सहीशिवाय एकही नकाशा मंजूर करू नका, आणि यादीत पहिली नावं एकट्या बायांची घ्या.