बंद कंपनीच्या कामगाराला कोणी विचारले?

ईट, भूम, वाशी, परंडा या पट्ट्यातल्या पोरांची पुण्याकडची वाट ठरलेली असते. पाऊस बेभरवशाचा, शेती वाटण्या होऊन तुकड्यावर आलेली. दुधावर आणि खव्याच्या भट्टीवर एक घर चालते, चार भावांची चार घरे चालत नाहीत. म्हणून दहावी-बारावी झाली की आयटीआय, फिटर नाहीतर वेल्डर, आणि मग चाकण, तळेगाव, रांजणगाव. गावात त्याच्याविषयी ‘कंपनीत आहे’ एवढेच सांगितले जाते. सोयरीक जुळवताना तेवढा पुढचा प्रश्न येतो, परमनंट आहे का? ती कंपनी बंद पडली की हेच वाक्य एका शब्दाने बदलते: ‘कंपनीत होता’. मग तो गावी परततो, दुसऱ्या गेटवर कमी पगारात लागतो किंवा कर्जाने टेम्पो घेतो. त्याचे नेमके काय झाले, हे सरकारदरबारी कोणी विचारत नाही. माझे म्हणणे असे की हे विचारणे सरकारचे काम आहे. कारखाना बंद होताना जशी देण्याघेण्याची नोंद होते, तशीच कामगारांच्या आठवणींची आणि पुढच्या आयुष्याची नोंद झाली पाहिजे, आणि ती एकदाच करून भागणार नाही.

तळेगावचेच उदाहरण घ्या. जनरल मोटर्सचा तिथला कारखाना 2008 मध्ये सुरू झाला. शेवरोलेच्या स्पार्क आणि बीट या छोट्या गाड्या तिथे बनत. 2017 मध्ये कंपनीने भारतातली विक्री थांबवली, पण कारखाना चालू ठेवला. डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या गाड्या इथून मेक्सिकोला जात राहिल्या. डिसेंबर 2020 मध्ये उत्पादन थांबले. राज्य सरकारने कारखाना बंद करायला परवानगी नाकारली, तरी लाइन पुन्हा फिरली नाही आणि हजाराहून अधिक कामगारांचा लढा कोर्टकचेऱ्यांत आणि उपोषणाच्या मांडवात चालू राहिला. कारखाना चीनच्या ग्रेट वॉल कंपनीला विकण्याचा करार 2022 मध्ये बारगळला. पुढच्या वर्षी ह्युंदाईने तो घेण्याचा करार केला आणि 2025 मध्ये तिथून पुन्हा गाड्या बाहेर पडू लागल्या. या पाच वर्षांतला जमिनीचा, इमारतींचा, प्रेस आणि पेंट शॉपचा प्रत्येक टप्पा कागदोपत्री सापडतो. यंत्र केव्हा घेतले, किती झिजले, आज किती किमतीचे, हे सगळे नोंदलेले असते. ज्या हातांनी ते यंत्र दहा-बारा वर्षे चालवले, त्यांची मात्र नावे, सर्व्हिसची वर्षे आणि हिशोबाची रक्कम एवढीच यादी उरते.

त्या हातांना काय येत होते, हे एका दरवाजावरून समजावे. गाडीचा दरवाजा बिजागरीवर बसवला की तो आणि बॉडी यांच्यातली फट वरपासून खालपर्यंत सारखी असावी लागते. मापाला गेज असतो, पण अनुभवी माणूस आधी बोटाचे पेर कडेवरून फिरवतो. कुठे पत्रा केसभर वर आला आहे, ते त्याला डोळ्यांआधी बोटाला कळते. मग तो दरवाजा लावतो आणि आवाज ऐकतो. पोकळ वाजला तर बिजागरीचे बोल्ट सैल करून पुन्हा बसवतो. लाइन थांबत नसते, मागची गाडी आलेली असते, आणि हे सगळे ठरलेल्या मिनिटांतच करायचे असते. हे ज्ञान त्याला शाळेतून आलेले नाही आणि कुठल्या पुस्तिकेत ते पूर्ण उतरलेले नाही. एका शिफ्टकडून दुसऱ्या शिफ्टकडे, जुन्याकडून ट्रेनीकडे ते जाते. लाइन बंद झाली की ही देवघेव तुटते. ज्या जिल्ह्याने आपली पोरे देऊन ते कौशल्य उभे केले, त्या जिल्ह्याला ते परत मिळत नाही.

अशी विचारपूस झाली की काय हाती लागते, ते इंग्लंडमध्ये दिसले. बर्मिंगहॅमजवळ लाँगब्रिजला हर्बर्ट ऑस्टिनने 1905 मध्ये मोटारींचा कारखाना काढला. पुढे छोटी ‘मिनी’ गाडी तिथेच बनली. एप्रिल 2005 मध्ये तो कारखाना चालवणारी एमजी रोव्हर कंपनी कोसळली आणि सुमारे 6,000 माणसांचे काम गेले. तिथल्या अभ्यासकांनी कामगारांचा पाठपुरावा सोडला नाही. तीन वर्षांनी विचारले तेव्हा जवळपास 90 टक्के लोक कुठे ना कुठे कामाला लागलेले होते. कोणतेही सरकार या आकड्यावर समाधान मानून मोकळे झाले असते. पण त्यांनी पगारही विचारला, आणि सरासरी कमाई वर्षाला पाच हजार पौंडांहून जास्त घटल्याचे समोर आले. ‘काम मिळाले’ या दोन शब्दांच्या पोटात एवढी मोठी घसरण दडलेली होती, आणि माणसांना पुन्हा गाठून बोलते केल्याशिवाय ती दिसली नसती. लाँगब्रिजची यंत्रसामग्री आणि एमजी हे नाव चीनच्या कंपनीने घेतले. तेच नाव 2017 मध्ये भारतात आले आणि जनरल मोटर्सचा गुजरातमधला हलोलचा कारखाना त्याने घेतला. आज एमजीची गाडी बार्शी-भूम रस्त्यावरून जाते तेव्हा तिच्या नाकावरचा बिल्ला लाँगब्रिजमार्गे आलेला असतो. गाडीच्या नावाला देश ओलांडता आले आणि पुन्हा नोकरीही मिळाली. तळेगावच्या कामगाराला ते कोणी करून दिले नाही.

आपल्याकडे हा विसरभोळेपणा जुना आहे. शेजारच्या सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून 1947 पासून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, प्लायमाउथ, मग फियाट, आणि पुढे तीच गाडी प्रीमियर पद्मिनी. हँडलजवळ गिअर, पुढे एकसंध बाक, आणि ठोकून सरळ करता येईल असा जाड पत्रा असलेली ही गाडी मुंबईची टॅक्सी झाली. ऑक्टोबर 2003 मध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून 30 ऑक्टोबर 2023 ला रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने लिहिले. एक तरी गाडी जपून ठेवावी, अशी मागणीही झाली. ती मागणी योग्यच होती. पण त्या निरोपात टॅक्सीवाले होते, प्रवासी होते, सिनेमे होते. ती गाडी ज्यांनी जोडली ते कुर्ल्याचे कामगार फारसे कुठे नव्हते. कारखान्याच्या जागेवर आता कोहिनूर सिटी उभी आहे. तिथून चालताना बॉडी शॉप कुठे होते, गेट कुठे होते, संपाच्या सभा कुठे भरत, हे सांगणारी साधी पाटीही शोधावी लागेल. गिरणगावाच्या बाबतीत निदान काही झाले. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणी कामगारांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना बोलते करून 2004 मध्ये मौखिक इतिहासाचे मोठे पुस्तक केले. म्हणून 1982 चा संप आज केवळ पुढाऱ्यांच्या भाषणांतून कळत नाही, खोलीतल्या चुलीपाशी काय शिजत होते तेही कळते. मोटार कामगारांनाही हा मान मिळायला हवा, आणि तो दोन लेखिकांच्या चिकाटीवर सोडून चालणार नाही.

यावर पहिला आक्षेप व्यवहाराचा असतो: तोट्यातली कंपनी कोणी कायमची चालवावी, आणि कायद्याने ठरलेली भरपाई दिली की विषय संपला. कंपनी कायम चालवा, असे मी म्हणत नाही. पण जुन्या औद्योगिक विवाद कायद्यातली भरपाई म्हणजे सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार. बारा वर्षे राबलेल्या माणसाच्या हाती सहा महिन्यांचे पैसे. ते पुरले का, गृहकर्जाचे हप्ते कोणी भरले, मुलीचे शिक्षण सुटले का, हे कळल्याशिवाय पंधरा दिवस हा आकडा योग्य की अपुरा, हे सांगायचे कशाच्या आधारावर? दुसरा आक्षेप, नवी कंपनी आलीच ना. आली, आणि तिचे स्वागतच आहे. पण कारखाना पुन्हा उघडणे आणि तीच माणसे पुन्हा आत जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 2020 मध्ये पस्तिशीत असलेला माणूस 2025 मध्ये चाळिशीत गेला, आणि गेटवर नव्या भरतीला विशीतली पोरे उभी असतात.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो अभ्यासकच घेतात. आठवणींवर भरवसा कसा ठेवायचा? माणूस बंद झालेल्या कंपनीला नंतर सोन्याची करतो, भांडणे विसरतो, आपल्याच युनियनच्या चुका झाकतो. हे खरे आहे. प्रीमियरच्या कामगारांत कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांविषयी दहाजणांना विचारले तर दहा मते निघतील. कोणी म्हणेल पगार वाढला तो त्यांच्यामुळे, कोणी म्हणेल कंपनी बसली तीही त्यामुळेच. पण व्यवस्थापनाच्या कागदांनाही बाजू असते, आणि ती बाजू तर जपून ठेवली जाते. एकाची आठवण चुकू शकते. पाचशे जणांच्या आठवणी पगारपत्रकांशी आणि करारांशी ताडून पाहिल्या की त्यातले सोने आणि हिणकस वेगळे होते. इतिहासाच्या कामाची हीच रीत आहे. आणि कामगार स्वतः एकमेकांशी असहमत असतील तर ती असहमतीही नोंदवावी. युनियनमुळेच कारखाना बुडाला, हे ठाम सांगणाऱ्यांनाही त्या नोंदीतून काही पुरावा मिळेल किंवा आपले मत बदलावे लागेल.

हे काम अशक्य नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने कारखाना बंद करण्यासाठी सरकारी परवानगीची अट शंभर कामगारांवरून तीनशे कामगारांवर नेली आहे. म्हणजे कितीतरी कारखाने आता परवानगी न मागता बंद होऊ शकतील, आणि सरकारच्या नजरेत येण्याची ती एक जागाही गेली. त्याच संहितेत कपात झालेल्या कामगारासाठी पुनर्कौशल्य निधी आहे. मालकाने पंधरा दिवसांचा पगार त्यात भरायचा आणि 45 दिवसांत तो कामगाराच्या खात्यावर जायचा. खात्यावर पैसे पाठवायचे तर नाव, पत्ता, बँक हे सगळे सरकारकडे येणारच. त्याच यादीवरून एक वर्षाने आणि पाच वर्षांनी विचारणा करायला वेगळी यंत्रणा लागत नाही. विद्यापीठांतले समाजशास्त्राचे आणि इतिहासाचे विद्यार्थी, कामगार खात्याचे अधिकारी आणि एक साधे ध्वनिमुद्रण एवढ्यावर काम सुरू होते.

खरी अडचण कंत्राटी कामगाराची आहे. ट्रेनी, टेम्पररी, ठेकेदाराकडचा, सात महिने एका लाइनवर आणि पाच महिने दुसऱ्या, असा माणूस कंपनीच्या यादीत कामगार म्हणून नसतोच. कंपनी बंद झाली की त्याची कपातही होत नाही. ठेकेदार उद्यापासून येऊ नको म्हणतो आणि संपले. भरपाई नाही, निधी नाही, युनियनच्या फलकावर नाव नाही. आपल्या भागातून गेलेल्या पोरांपैकी बरीच याच रांगेत आहेत. म्हणून नोंद फक्त परमनंट कामगारांची झाली तर ती अर्ध्याहून कमी खरी ठरेल. ठेकेदाराचे हजेरीपत्रक आणि प्रॉव्हिडंट फंडाचा खाते क्रमांक यांवरून ही माणसेही सापडू शकतात. भोसरीच्या भाड्याच्या खोलीत ती आता राहत नसतील. पाच वर्षांनी त्यातला एखादा ईटला शेतात असेल, एखादा बाजारात मोटारसायकली दुरुस्त करत असेल. प्रश्नावली घेऊन येणाऱ्याने पुण्यात न थांबता इथवर यावे, आणि पहिला प्रश्न असा विचारावा: लाइनवर तुम्ही नेमके काय करत होता?