जलपर्णी उपसली, कारण तसेच राहिले

दर उन्हाळ्यात एकच बातमी येते. पुण्यात मुळा-मुठा, आळंदीत इंद्रायणी, कोल्हापुरात पंचगंगा, कल्याणजवळ उल्हास. नदी जलपर्णीने झाकली, डास वाढले, निविदा निघाली, पोकलेन आले. पावसाळ्यात पुराबरोबर ती हिरवळ वाहून जाते आणि पुढच्या वर्षी तीच बातमी नव्या तारखेने छापली जाते. सिंधुदुर्गातल्या तरुणांनी ही बातमी ‘घाटावरची’ म्हणून सोडून देऊ नये, असे आम्हाला वाटते.

आपले खारेपाटण शुक नदीच्या काठी आहे. विजयदुर्गच्या खाडीतून एकेकाळी गलबते इथपर्यंत येत. जलपर्णी गोड्या पाण्यातली वनस्पती आहे. भरतीचे खारे पाणी जिथे नियमित पोहोचते तिथे ती तग धरत नाही. खाडीला समुद्राचे हे संरक्षण आहे. गावातली तळी, बंधाऱ्यामागे अडलेले पाणी आणि सांडपाण्याचे ओहोळ यांना मात्र ते नाही. शेजारच्या गोव्यात मडगावजवळची साळ नदीही समुद्रालाच मिळते, तरी तिच्या गोड्या पाण्याच्या भागात जलपर्णी माजते.

आधी ओळख नीट करून घेऊ. पाण्यावर टिकलीएवढ्या हिरव्या पानांचा थर दिसला की आपण सरसकट ‘शेवाळ’ म्हणतो. ते बहुतेक वेळा डकवीड असते. ते आपल्याकडचेच आहे, बदके आणि मासे ते खातात. अनुकूल स्थितीत ते दोन-तीन दिवसांत दुप्पट होते. पाण्यात सांडपाणी मिसळत असल्याची ती पहिली सूचना समजावी. जांभळ्या फुलांची, फुगीर देठांची जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोभेसाठी ती बंगालमध्ये आणली गेली. तिथे ती इतकी पसरली की १९३६ मध्ये तिच्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. साधारण दोन आठवड्यांत ती दुप्पट होते आणि तिचे बी चिखलात पंधरा-वीस वर्षे जिवंत राहू शकते. खाली प्रकाश जात नाही, प्राणवायू घटतो, मासे मरतात.

मग दोष त्या झाडाचा का? त्याला इथे माणसाने आणले आणि माणसानेच पोसले. प्रक्रिया न केलेले सांडपाणी आणि शेतातून वाहून येणारे खत यांतून नत्र आणि स्फुरद पाण्यात उतरते. त्यावर ही वनस्पती वाढते. तथागतांनी शिकवलेला प्रतीत्यसमुत्पाद हेच सांगतो: कारण असेल तर परिणाम होतो, कारण संपले की परिणाम संपतो. आपल्या पालिका दरवर्षी परिणाम उपसतात आणि कारण नदीत सोडत राहतात. उपसलेला ढीग काठावरच कुजला तर त्यातले खत पावसाबरोबर पुन्हा पाण्यात जाते. तणनाशक फवारले तर झाडे मरून तळाशी कुजतात आणि प्राणवायू आणखी घटतो. केरळमध्ये साल्व्हिनिया या दुसऱ्या परदेशी वनस्पतीवर एका छोट्या भुंग्याने चांगला ताबा मिळवला. जलपर्णीसाठीही १९८० च्या दशकात भारतात भुंगे आणले गेले. पण त्या उपायाला वर्षे लागतात, आणि सांडपाणी सुरूच राहिले तर तोही अपुरा पडतो.

या चर्चेत एक प्रश्न क्वचितच विचारला जातो: त्या पाण्यात उतरते कोण? यंत्र पोहोचत नाही तिथे कंबरभर मैल्या पाण्यात उभा असतो तो कंत्राटी मजूर. तो कोणत्या वस्तीतून येतो हे आपल्या वाचकांना सांगायला नको. शहराचे सांडपाणी नदीत, आणि ते निस्तरायला आपली माणसे. हा जातिव्यवस्थेचाच हिशोब आहे.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाण्याचा हक्क मिळवण्यासाठी ओंजळ भरली. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना त्यांनी नदीकडे संपूर्ण खोरे म्हणून पाहणारे जलधोरण पुढे नेले. जलपर्णीचा प्रश्नही खोऱ्याचाच आहे. वरचे गाव जे सोडते, ते खालच्या गावात उगवते. हक्क मिळालेले पाणी ओंजळीत घेण्याजोगे राहिले नाही, तर तो हक्क कागदावरच उरतो.

म्हणून आमची सूचना साधी आहे. पाऊस ओसरल्यावर प्रत्येक विहाराच्या तरुणांनी आपल्या गावची तळी आणि बंधारे फिरून पाहावेत. एखाद-दुसरे रोप दिसले तर तेव्हाच मुळासकट काढून पाण्यापासून दूर, कोरड्या जागी वाळवावे. विहाराच्या कुंडीत किंवा घरच्या टाकीत शोभेची जलपर्णी लावू नये, मत्स्यटाकीतल्या वनस्पती ओढ्यात टाकू नयेत. ग्रामसभेत विचारावे: सांडपाणी कुठे जाते? शहरातल्या मित्रांनी माहिती अधिकारात विचारावे: शुद्धीकरण केंद्राची क्षमता किती, प्रत्यक्षात पाणी किती शुद्ध होते, आणि नदीत उतरणाऱ्या मजुराला गमबूट, हातमोजे, विमा मिळतो का? लेप्टोने माणसे गमावलेल्या आपल्या जिल्ह्यात हा शेवटचा प्रश्न जिवाचा आहे.

संविधानाच्या अनुच्छेद ५१-क मध्ये नद्या आणि सरोवरांचे रक्षण व प्राणिमात्रांबद्दल करुणा ही कर्तव्ये एकाच वाक्यात येतात. आपल्याला ती वेगळी शिकवावी लागू नयेत.

जय भीम, नमो बुद्धाय!