मातीचं पाकीट

लिखाणाची सुरुवात शायरीने नव्हे, हिशेबाने झाली! दक्षिण इराकच्या उरुक शहरात सुमारे ५,२०० वर्षांपूर्वी कारकून ओल्या मातीच्या पाटीवर बोरूने जव आणि मेंढ्यांची नोंद करीत.

पुढे इ.स.पू. २१०० ते २००० च्या सुमारास उरच्या राज्यात कर्जाचा दस्तही मातीचाच असे. रक्कम, साक्षीदार लिहून पाटीवर मातीचंच पाकीट चढवीत, वर तोच मजकूर पुन्हा लिहून कर्जदाराची मोहोर उमटवीत. बाहेरचा आकडा कुणी बदलला, तर पाकीट फोडायचं. आत खरा आकडा. व्याज मात्र जबर, चांदीवर २० टक्के, जवावर सहसा ३३. आणि गरीब शेतकरी घेणार जवच!

कर्ज फिटलं की पाटी मोडीत. संग्रहालयांतल्या काही अखंड पाट्यांचं कर्ज बहुधा फिटलंच नसावं.