फुकट दिलेली डिस्क

काही वर्षांपूर्वी जुन्या नाशकात आमच्या ओळखीच्या एका टेलर चाचांचा कॉम्प्युटर मी 'दुरुस्त' केला होता. त्यावर चोरीची विंडोज होती, व्हायरसने बेजार झालेली. मी मोठ्या उत्साहात लिनक्सची फाइल उतरवली, सर्वांत जास्त वेगाने डिस्क बर्न केली आणि न तपासताच ती दुकानात नेली. इन्स्टॉलेशन अर्ध्यावर अडकले. डिस्क वाचता येईना आणि हार्ड डिस्क तोवर पुसली गेली होती. गिऱ्हाइकांची मापे, उधारीचा हिशेब, सगळे गेले. आधी बॅकअप घ्यावा, हेही मला सुचले नव्हते. चाचा एवढेच म्हणाले, "जाने दो बेटा, तुमने तो अच्छे के लिए किया था."

ते वाक्य आजही टोचते. कारण हेतू चांगला असला, तरी काम चांगले नव्हते.

उबंटूची तयार सीडी एकेकाळी पोस्टाने मोफत घरी यायची. कॅनॉनिकल कंपनीने २००५ साली सुरू केलेली ही योजना २०११ मध्ये बंद झाली. तेव्हापासून डिस्क बनवणारे आपणच झालो, आणि ती चांगली निघेल याची जबाबदारीही आपल्यावर आली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सपोर्ट संपला. अनेक जुन्या मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. त्यामुळे मोहल्ल्यातली होतकरू मुले पुन्हा लिनक्स वाटू लागली, तर ते चांगलेच आहे. चोरीच्या डिस्कपेक्षा हा मार्ग स्वच्छ आहे. इथे कॉपी करून वाटण्याची परवानगी खुद्द बनवणाऱ्यांनीच दिली आहे. शिवाय क्रॅक केलेल्या विंडोजमध्ये कोणी काय घुसडले आहे, हे तपासायला अस्सल मापच नसते. लिनक्समध्ये ते असते.

ते माप म्हणजे चेकसम. मूळ फाइलवरून काढलेली ६४ अक्षरे-आकड्यांची ओळ संकेतस्थळावर दिलेली असते. आपण उतरवलेल्या फाइलची ओळ काढून तिच्याशी ताडून पाहायची. फाइलमध्ये एक बिट जरी बदलला, तरी ओळ पूर्ण वेगळी येते. रमजानमध्ये तरावीहच्या वेळी इमामाच्या मागे दुसरा हाफिज कान देऊन उभा असतो. कुठे चूक झाली, की तो लगेच लुकमा देतो. यात इमामावर अविश्वास नसतो, कलामाची अमानत सांभाळायची असते. चेकसमचे कामही तसेच आहे.

ही काळजी फाजील नाही. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात हॅकर शिरले आणि त्यांनी लोकांना चोरवाट ठेवलेल्या फाइलकडे वळवले. संकेतस्थळ अधिकृत, पण फाइल खोटी! म्हणून शक्य असेल तिथे चेकसमच्या यादीवरची डिजिटल सहीही तपासावी, कारण संकेतस्थळात शिरलेला माणूस चेकसमही बदलू शकतो.

पुढचे काम सोपे आहे. आयएसओ फाइल डिस्कवर नुसती कॉपी करायची नाही, 'इमेज' म्हणून बर्न करायची. डिस्क चांगल्या प्रतीची घ्यायची, वेग कमी ठेवायचा, शेवटी 'व्हेरिफाय' करायचे. मग ती आधी स्वतःच्या कॉम्प्युटरवर चालवून पाहायची आणि समोरच्याचा डेटा दुसरीकडे ठेवल्याशिवाय त्याच्या मशीनला हात लावायचा नाही. आज बहुतेक जण पेन ड्राइव्ह वापरतात, पण नियम हेच.

काहीजण म्हणतात, "फुकट तर देतोय, आणखी किती करायचे?" मला नेमके उलटे वाटते. पैसे देणारा माणूस भांडतो, वस्तू परत करतो. फुकट घेणारा संकोचाने गप्प बसतो. म्हणून विकण्याआधी जेवढे तपासतो, त्याहून जास्त वाटण्याआधी तपासले पाहिजे. सूरह अल-बकरामध्ये दान देताना निकृष्ट वस्तू निवडू नये, अशी ताकीद आहे. न तपासलेली डिस्क हीसुद्धा निकृष्टच.

चाचांनी मला माफ केले. पण त्यांची उधारी काही परत आली नाही. तपासणीला माझी वीस मिनिटेही गेली नसती.