आधी शांतता, मग मुद्रण

लोकमान्य टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. ज्यांच्या वाणीने महाराष्ट्र जागा झाला, त्यांच्या आवाजाचे म्हणून सांगितले जाणारे एक ध्वनिमुद्रण १९१५ च्या गणेशोत्सवातील आहे. त्यात राजकारण नाही, गीतेवरील विवेचनही नाही. पुण्यातील गायनाच्या बैठकीत गलका करणाऱ्या श्रोत्यांना शांत राहण्याची ताकीद तेवढी ऐकू येते. कराचीच्या एका संगीतप्रेमी व्यापाऱ्याने स्वतःच्या यंत्रावर ते मुद्रण केले आणि २०१२ मध्ये ते लोकांसमोर आले. केसरीचे अग्रलेख ग्रंथालयांत आहेत. आवाज मात्र एका व्यापाऱ्याच्या हौसेमुळे उरला.

व्यापारी घराण्यांत चोपड्या जपण्याची शिस्त पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. आवाज जपण्याची वेळ मात्र आली ती २०२० साली, तीही नाइलाजाने. त्या वर्षीच्या पर्युषणात महाराष्ट्रातील मंदिरे बंद होती. २१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने अनुमती दिली ती मुंबईतील दादर, भायखळा व चेंबूर येथील तीन मंदिरांना, आणि तीही अखेरच्या दोन दिवसांपुरती. व्याख्याने, वक्तृत्वस्पर्धा, परिवार-मीलन हे सारे मोबाइलच्या पडद्यावर आले. संकट सरले, प्रथा राहिली. आज पुण्याची मुलगी, सुरतेचे व्याही आणि परदेशातील नातू यांना एका वेळी एकत्र आणावयाचे तर ऑनलाइन कार्यक्रमावाचून सोय नाही.

रत्नागिरीची अडचण इतर गावांहून निराळी आहे. हे कार्यक्रम प्रामुख्याने चातुर्मासात होतात आणि चातुर्मास म्हणजे येथला पावसाळा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, त्यातच वीज जाते, पाठोपाठ नेटवर्क जाते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांनी कितीतरी दिवस अंधारात काढले. म्हणून येथल्या वक्त्याने थेट प्रसारणाच्या भरवशावर न राहता भाषण आधीच मुद्रित करून पाठवावे, हे शहाणपणाचे. मात्र मुद्रण म्हणजे मोबाइल उभा करून बटण दाबणे नव्हे.

रामआळीतील एका जुन्या कापडपेढीच्या घरी हे अनुभवास आले. परिवार-मीलनासाठी ऐंशी ओलांडलेल्या आजोबांची मुलाखत घ्यावयाची ठरली. नातवाने त्यांना वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली बसविले. आजोबा तासभर मनापासून बोलले: मुंबईहून बोटीने येणारा माल, बंदरावरची हमाली, भिजलेले तागे उन्हात वाळवून नुकसानीत विकल्याची हकिगत. सायंकाळी ऐकावयास बसले तेव्हा पत्र्यावरच्या पावसाखेरीज काही ऐकू येईना. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसविले तर आजोबा थकलेले. हकिगत तीच, पण चार वाक्यांत आटोपली. वृद्ध माणूस एखादी गोष्ट मनापासून एकदाच सांगतो; पुन्हा सांगतो तेव्हा तो तिचा सारांश असतो.

तिसरी खेप सुनेने हाती घेतली. तिने आठ दिवस जाऊ दिले आणि साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी दुकानातच बैठक मांडली. कापडाच्या ताग्यांनी भरलेल्या भिंती आवाजाचा घुमारा शोषून घेतात. त्या दृष्टीने कापडाच्या दुकानासारखा स्टुडिओ नाही. (भांड्यांच्या व्यापाऱ्यांनी शेजाऱ्यांकडे जागा मागावी.) शटर अर्धे ओढले, पंखा बंद केला, मोबाइल फ्लाइट मोडवर टाकला. लहानसा कॉलर-माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावला, कारण दूर ठेवलेला मोबाइल माणसाआधी खोली ऐकतो. प्रारंभी अर्धे मिनिट कोणीच बोलले नाही. त्या शांततेचे मुद्रण तिने लगेच कानाला इअरफोन लावून तपासले, तेव्हा कोपऱ्यातील फ्रीजची घरघर ध्यानात आली. तोही बंद झाला.

प्रश्नांची तयारीही तिने निराळी केली. पहिल्या खेपेच्या तयारीत नातवाने प्रश्न लिहूनच दिले होते आणि आजोबांनी आरंभीची उत्तरे पाठ केली होती. सुनेने केवळ विषय सांगितले. ‘व्यापारात कष्ट होते का?’ या प्रश्नाला ‘होते’ एवढेच उत्तर मिळते. ‘दुकानाचे पहिले कुलूप कोणी आणले?’ असे विचारल्यावर आजोबा थेट आपल्या वडिलांपर्यंत गेले. ऐकताना तिने ‘हो, हो’ म्हणण्याचे टाळून केवळ मान हलविली, आणि आजोबा थांबले की तीही थांबली. त्या थांबण्यानंतरच भिजलेल्या ताग्यांची हकिगत पुन्हा आली, पहिल्यासारखी नव्हे, पण पुरती.

याच ओघात आजोबांनी एका बुडालेल्या उधारीची गोष्ट ऋणकोच्या नावासह सांगितली. त्या ऋणकोचे नातू परिवार-मीलनाच्या श्रोत्यांत असणार होते. पेढीवर कोणाची उधारी किती, हे शेजारच्या दुकानास कळू न देणे ही व्यापाराची जुनी अब्रू. पडद्यावर ती शंभर घरांत एकदम जाते. म्हणून मुद्रण प्रसारित होण्यापूर्वी बोलणाऱ्याने ते एकदा पुरते ऐकावे आणि वगळण्याचा अधिकार त्याचाच असावा. साधुसाध्वींच्या प्रवचनाबाबत तर अनुमती सर्वांत आधी यावी. विद्युत् साधनांविषयी निरनिराळ्या संघांच्या मर्यादा निरनिराळ्या आहेत, आणि श्रावकाच्या उत्साहाने महाराजसाहेबांना संकोचात टाकणे उचित नाही.

पडद्यावर आकडे व चित्रे दाखवून करावयाच्या सादरीकरणाविषयी थोडेच सांगण्याजोगे आहे. पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या हाती मोबाइल असतो. म्हणून एका पानावर एकच गोष्ट आणि अक्षर मोठे असावे. ताळेबंदाचे अख्खे पान पडद्यावर लावणाऱ्या खजिनदारांना श्रोते दुवा देत नाहीत. भाषण घड्याळ लावून मोठ्याने वाचून पाहावे. मनात वाचलेले दहा मिनिटांचे भाषण तोंडाने पंधरा मिनिटे घेते.

अखेरचा मुद्दा जतनाचा. तासभराचे चित्रमुद्रण कित्येक जीबी जागा घेते. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठविल्यास ते आकसते आणि चित्राचा दर्जा उतरतो. मर्यादेत बसणारी फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठविल्यास जशीच्या तशी जाते. मूळ प्रत मोबाइलवरच ठेवणे म्हणजे सारी रोकड गल्ल्यात ठेवण्यासारखे. सुनेने दोन प्रती केल्या, एक पेढीच्या संगणकावर आणि दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर पुण्याला नणंदेकडे.

मीलनात अठरा मिनिटेच दाखविली गेली. एक तास चाळीस मिनिटांचे मूळ मुद्रण घरात आहे. आजोबांनी ते कानाला इअरफोन लावून संपूर्ण ऐकले आणि एका ठिकाणी हात वर केला. दोन्ही प्रतींतून तेवढा भाग काढला गेला. प्रतींसोबतच्या वहीत सुनेच्या हस्ताक्षरात नोंद आहे: एकेचाळीस ते त्रेचाळीस मिनिटे, बोलणाऱ्यांच्या इच्छेने वगळली. खाली आजोबांची सही आहे, मोडी वळणाची.