नाताळची माळ: सेलवरची की विजेवरची?
डिसेंबर लागला की घोडबंदर, काशिमिऱ्यापासून थेट डोंगरी, पाली, उत्तनच्या गावठाणांपर्यंत दारोदारी चांदण्या झळकू लागतात आणि इलेक्ट्रिकच्या दुकानात हमखास प्रश्न येतो: सेलवरची माळ घ्यावी की विजेवरची? झाडासाठी मी विजेवरचीच सांगेन. पाच वॅटची एलईडी माळ रोज सहा तास, पंधरा रात्री लावली तरी अर्धा युनिटसुद्धा वीज जळत नाही. सेलवरच्या माळेचे तीन पेन्सिल सेल मात्र काही रात्रींतच मान टाकतात, आणि तो खर्च पुन्हा पुन्हा बसतो. पण माळ प्लगपाशीच अ‍ॅडॉप्टर असलेली हवी, म्हणजे झाडावर २३० व्होल्ट खेळत नाहीत. रस्त्यावरच्या स्वस्त माळेची वायर नखानेही सोलली जाते, जोड उघडे असतात, त्यात खाडीची खारी हवा पिनांना गंज चढवते. अशी माळ दंवाने ओल्या झालेल्या लोखंडी ग्रिलला गुंडाळलेली पाहिली की माझ्या पोटात गोळा येतो. गव्हाणीचं वेगळं. तिथे सुका पेंढा असतो, जवळ सॉकेट नसतो. तिथे सेलवरची छोटी माळच लावा. फक्त घरात लहान मूल असेल तर बटण सेलवाली नको. गिळलेला बटण सेल दोन तासांत अन्ननलिका जाळू शकतो, म्हणून डबीचं झाकण स्क्रूने बंद होतं का ते दुकानातच पाहा. आणि सण आटोपला की सेल काढून ठेवा. राहिले तर पाझरतात आणि डबी कायमची जाते.