मावशींची पिशवी आणि उपचाराचे नियम

वर्षावासातल्या ग्रंथवाचनानंतर परवा विहारात एका मावशींनी औषधांची पिशवी माझ्यापुढे रिकामी केली. खोकल्याच्या दोन बाटल्या, थिओफायलिनच्या गोळ्या, अर्धवट सोडलेल्या अँटिबायोटिकची तीन पाकिटं आणि स्टेरॉइडच्या बारीक पांढऱ्या गोळ्या. सहा वर्षांपासून त्यांना दम लागतो. विहाराच्या चार पायऱ्या चढतानाही त्या मध्ये एकदा थांबतात. दम वाढला की गल्लीतल्या डॉक्टरांकडे इंजेक्शन घ्यायचं, दोन दिवस बरं, मग पुन्हा तेच. इतक्या वर्षांत कोणी यंत्रात फुंकायला लावलं का, असं मी विचारलं. नाही. पंप दिला का? "पंपाची सवय लागते म्हणे, म्हणून मीच नको म्हटलं."

मावशींना सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार असावा, अशी मला शंका आहे. पण शंकेवर उपचार करायचे नसतात. या आजारासाठी 'गोल्ड' नावाची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं २००१ पासून आहेत आणि ती वेळोवेळी सुधारली जातात. त्यांची पहिली अट स्पायरोमेट्रीची आहे. छातीत हवा भरून नळीत जोरात फुंकायचं. पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा आणि एकूण हवा यांचं प्रमाण, श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध दिल्यानंतरही, ०.७ च्या खाली राहिलं तर निदान पक्कं होतं. नुसत्या एक्स-रेवरून ते ठरत नाही.

मावशींनी आयुष्यात विडी ओढलेली नाही, त्यामुळे हा आजार कोणाच्या मनातही आला नसेल. पण चाळीस वर्षं त्या चुलीपुढे बसल्या. खडी फोडणारे, झाडलोट करणारे, टीबीतून बरे झालेले, या सगळ्यांची फुप्फुसं अशीच झिजतात. ही कामं कोणाच्या वाट्याला आली, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

आता औषधांचं. सीओपीडीत रोजचा मुख्य उपचार म्हणजे श्वासावाटे घ्यायचं, बराच वेळ टिकणारं औषध, आपल्या भाषेत पंप. स्टेरॉइडच्या गोळ्या दम एकदम उसळला तर साधारण पाच दिवसांपुरत्या. त्या महिनोन्महिने घेतल्या तर हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते. थिओफायलिनबद्दल 'गोल्ड'च्या अहवालांत जे लिहिलं होतं, ते मला सगळ्यात जास्त टोचतं: दुसरी दीर्घकाळ टिकणारी औषधं मिळत नसतील किंवा परवडत नसतील तरच हे द्यावं. म्हणजे पुस्तकात जो अपवाद, तो आपल्या वस्तीत नियम झाला आहे. मावशींच्या पिशवीतल्या गोळ्या शास्त्राने निवडलेल्या नाहीत, त्यांच्या गरिबीने निवडलेल्या आहेत.

सवयीचं म्हणाल तर हिशेब साधा आहे. सालब्युटामॉलची गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची असते आणि ती सगळ्या अंगात फिरते, म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते. तेच औषध पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे लहान गोळीच्या विसाव्या भागाइतकं, आणि जायचं तिथेच जातं. कोणी सांगितलं म्हणून मानू नका, पारखून घ्या, हे तथागतांनी कालामांना सांगितलं. ते आपण विहारात वाचतो आणि औषधाच्या बाबतीत शेजारणीचं ऐकतो! पंप कसा ओढायचा हे मात्र कोणीतरी समोर बसून दाखवावं लागतं. नाहीतर औषध जिभेवरच राहतं आणि पंप कुचकामी ठरतो.

गल्लीतल्या डॉक्टरांना एकट्यांना दोष देऊन भागणार नाही. त्यांच्याकडे यंत्र नाही, बाहेर वीसजणांची रांग आहे, आणि इंजेक्शन दिलं नाही तर आपणच म्हणतो, डॉक्टर बरोबर नाही. माझी तक्रार वरच्यांशी आहे. राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या २०२२ च्या यादीत सालब्युटामॉल, ब्युडेसोनाइड आणि टायोट्रोपियम ही श्वासावाटे घ्यायची औषधं आहेत. यादीत आहेत, तर सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर का नसावीत? जयंतीच्या वर्गणीचा हिशेब आपण पै-पैचा मागतो. तसाच हाही मागायला हवा, तोंडी नाही, लेखी अर्जाने, मंडळाच्या शिक्क्यासह.

येत्या मंगळवारी मावशींना घेऊन आम्ही दोघी सरकारी मेडिकल कॉलेजच्या छातीविकार विभागात जाणार आहोत. पिशवी जशीच्या तशी बरोबर नेणार आहोत. तोवर स्टेरॉइडच्या गोळ्या मनाने बंद करू नका, असं त्यांना बजावलं आहे. बरेच दिवस घेतलेल्या या गोळ्या एकदम सोडणं धोक्याचं असतं. आणखी कोणाला यायचं असेल तर रविवारच्या वंदनेनंतर सांगावं. जुने एक्स-रे आणि चिठ्ठ्या सोबत आणाव्यात.